तेवीस नंबरचा कागद

"तेवीस नंबरची मुलगी कोण?" कनकलता मॅडमनी स्टाफरूममध्ये येऊन विचारलं.

हनुमंतराव सरांच्या हातातला कॉफीचा पेला तिथंच थांबला. दहावीत तेवीस नंबर त्यांच्याच लेकीचा, नित्याचा.

मॅडम पीएच.डी.साठी तंजावूरच्या शाळांमधून हिंडत होत्या. मुलींना गणित आवडतं का आणि आपल्याला ते जमेल असं वाटतं का, हे त्या मोजत होत्या. कागदावर चाळीस विधानं, प्रत्येकापुढे 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच चौकोन. प्रत्येक विधानाला एक ते पाच गुण, एकूण दोनशेपैकी. नाव लिहायचं नाही, फक्त नंबर.

गावात नुकत्याच कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागू लागल्या होत्या. पोरीनं अकरावीला गणितच घ्यावं म्हणून हनुमंतराव हटून बसले होते. अकरावी-बारावीचं गणितही तेच शिकवायचे, त्यामुळे घरचं काम घरातच. पोर मात्र इतिहासावर अडून बसली. शेवटी वैतागून त्यांनी शब्द दिला, "त्या मॅडमचा कागद भर. शंभराच्या आत आलीस तर घे तुझा इतिहास." आपली लेक शंभराच्या आत येणं शक्यच नाही, या भरवशावर गडी आठवडाभर निर्धास्त झोपला.

"किती मिळाले तिला?" त्यांनी विचारलं.

"चाळीस. याहून कमी देताच येत नाहीत, सर."

हनुमंतरावांना वाईट वाटलं. वीस वर्षं गावाला गणिताची गोडी लावली आणि घरात हे! त्यांनी शिपायाला पाठवून नित्याला बोलावून घेतलं. ती जमेल तेवढा गरीब चेहरा करून उभी राहिली.

"मी नऊशे कागद तपासले," मॅडम म्हणाल्या. "गणिताच्या नावानं रडणाऱ्या मुलीही कुठंतरी फसतात, कारण निम्मी विधानं मी मुद्दाम उलटी, 'गणिताची भीती वाटते' अशी घातली आहेत; तिथं सहमत म्हटलं की गुण कमी. तू एकदाही फसली नाहीस. कुणी सांगितलं तुला?"

"त्यात सांगायचं काय, मॅडम?" नित्याला राहवलं नाही. "वीस सुलट, वीस उलटी. डोळे मिटून सगळीकडे पूर्ण सहमत केलं तर सुलट्यांचे शंभर आणि उलट्यांचे वीस, एकशेवीस. बरोब्बर मधोमध! माझ्या शेजारी बसणाऱ्या सरोजाला तेवढेच पडले असणार, ती एकाच रांगेत खुणा करत गेली. मला शंभराच्या आत यायचं होतं, म्हटलं आता चाळीसच..."

तिनं जीभ चावली. पण उशीर झाला होता.

हनुमंतरावांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "पाहिलंत मॅडम? हिला म्हणे गणित आवडत नाही! ठरलं. अकरावीला गणितच."

इतका वेळ सगळं तमिळमध्ये चाललं होतं. नित्या आता घरच्या मराठीत उतरली. मॅडमना कळू नये, एवढी लाज तिनं बापाची राखली.

"अप्पा, मज गणित फार बरं वाटतं. मज सर नकोत."

"म्हणजे?"

"घरी एक चूक केली की दुसऱ्या दिवशी ती फळ्यावर येते. अय्यो, वर्ग किती हसतो! अजून दोन वर्षं मज नाही सोसायचं."

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले, आणि हे सोंग नव्हतं. हनुमंतरावांची कॉफी गार झाली होती, ती त्यांनी तशीच संपवली.

मॅडम दोघांकडे आळीपाळीनं पाहत होत्या. "काय म्हणते ती, सर?"

हनुमंतरावांनी तमिळमध्ये विचारलं, "मॅडम, तुम्ही एवढ्या शाळा हिंडलात. हिला अकरावीला पाठवायचं तर माझ्याहून चांगलं गणित कोण शिकवतं?"