तेलाचे तीन हात

वजनकाट्याने पिप केलं. संपदा, तिचे बाबा आणि तिची लेक रुचिता, तिघंही आकडा थांबायची वाट बघत होती.

सातशे दहा.

संपदाने लाकडाचं छोटं विमान उचललं, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा ठेवलं. सातशे दहाच, मोटर-बॅटरी अजून न बसवता. विमानाच्या नकाशावर कोपऱ्यात छापलेलं होतं : मोटर आणि बॅटरी सोडून, साडेचारशे ग्रॅम.

“किती भरलं?” बाबांनी विचारलं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. चार वाजता अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर विमान उडणार, हे त्यांनी आख्ख्या आळीला सांगून ठेवलं होतं. नातीसाठी, रुचितासाठी, सुट्टीभर खपून केलेलं विमान.

संपदाने पंख उजेडात धरला. चाळीस वर्षं होड्या बांधलेल्या हातांचं काम. एकेक बरगडी आपल्या जागी, कुठे फट नाही. लाकूड मात्र काळपट दिसत होतं. तिने ते नाकाजवळ नेलं.

“बाबा, ह्याला काय लावलंय?”

“तेल. मुशी माशाचं, होडीला लावतो तेच. तीन हात मारले.” बाबा खुलले. “तू विरारवरून धाडलेलं ते लाकूड हाय का पापड? खाऱ्या हवेत चार दिस टिकलं नसतं. आता बघ, पानी शिरायची बातच नाय.”

बाल्साचं पिसासारखं हलकं लाकूड ते सगळं तेल पिऊन बसलं होतं.

“बाबा,” संपदा हळू म्हणाली, “हे हलकंच राहायला हवं होतं. आता जड झालंय. मी आणलेली मोटर एवढं उचलणार नाही.”

बाबांनी ओट्यावरचं फडकं उचललं.

“पुसून काढलं तर?”

“आत गेलंय ते.”

“उन्हात ठेवू. आजचा दिस जाऊ दे. आळीतल्या पोरांना सांगतो, वारा नाय म्हनून.”

तिने नकारार्थी मान हलवली. बाबांनी अंगठा पंखावरून एकदा, टोकापासून टोकापर्यंत, फिरवला. मग सदऱ्याच्या बाह्या दुमडायला घेतल्या.

“माझीच चूक. जन्मभर लाकूड बुडू नये म्हनून खपलो. उडायचं मला काय कळतंय? तुला विचारायला पायजे व्हतं.”

“तुम्ही विचारलेलं आजोबा,” रुचिता म्हणाली. ती ओट्याला टेकून उभी होती, रिमोट दोन्ही हातांत धरून. “फोनवर. आईला तेलाचा डबा पण दाखवलेला. मीच फोन धरलेला ना!”

संपदाला तो फोन आठवला. तिने आपला मोबाइल लॅपटॉपला टेकवून ठेवलेला. समोर मीटिंग चालू होती, आणि फोनमध्ये काहीतरी तपकिरी हलत होतं.

“आई म्हणालेली, छान, लावा.”

“गप गं,” बाबा घाईने म्हणाले. “तवा आवाज तुटत व्हता. रेंज कुठं असते आपल्याकडं? तिला ऐकूच आलं नसंल.” त्यांनी विमान काट्यावरून उचललं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं. संपदाकडे त्यांनी पाहिलं नाही.

“नव्हता तुटत. तुम्ही दोनदा विचारलेलं, लावू का, लावू का. ती दोनदा छान म्हणालेली.” रुचिता आईकडे वळली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

“आई, तू तेव्हा बघितलं नव्हतंस?”