पिकलची शिकवणी

"येत्या रविवारी पुन्हा चेंडू पळवला, तर कुत्र्याला साखळी घालून थेट माझ्या भावाच्या मेंढवाड्यावर धाडतो," कर्णधार नोएल म्हणाला.

बेरिलने पिकलला पोटाशी धरलं. कुत्र्याच्या तोंडातला चेंडूसुद्धा खेळात धरायचा, हा वांडिलो गावच्या क्रिकेट मैदानाचा जुना नियम. गेल्या सामन्यात पिकल चेंडू घेऊन गव्हाच्या कोठाराखाली जाऊन बसला, आणि पाहुण्या संघाने तेवढ्यात सतरा धावा पळून काढल्या. शेवटच्या दोन तर हातात चहाचे पेले घेऊन.

"आठवड्यात शिकेल तो," बेरिल म्हणाली.

"तुझा नवरा तीस वर्षांत काही शिकला नाही, हा काय शिकणार!"

नवरा, म्हणजे क्लॅरी, सगळ्यांच्या आधी हसला.

रोज संध्याकाळी अंगणात शिकवणी भरू लागली. रबरी कोंबडीची मान पिकलच्या तोंडात, तंगड्या क्लॅरीच्या हातात. बेरिल ओरडायची, "सोड!" पिकल नुसता गुरगुरायचा. मग सोडायचं कसं ते दाखवायला आधी क्लॅरी सोडायचा आणि चीजचा तुकडा मिळवायचा. ते बघून पिकल सोडायचा, त्यालाही तुकडा. कोंबडी झाली, दोरखंड झाला, क्लॅरीचा जुना बूट झाला.

"तुला कशाला रे दर वेळी चीज?"

"पिकलला एकट्याला खाताना अवघडल्यासारखं होतं," क्लॅरी भरल्या तोंडाने म्हणाला.

रविवारी पाहुण्यांचा शेवटचा गडी उरला आणि जिंकायला दोन धावा. फटका आभाळात गेला. सीमेवरून क्लॅरी त्याच्याखाली धावला. बाकाखालून पिकलही सुटला. तांबड्या धुळीच्या लोटात दोघेही दिसेनासे झाले.

नोएलने साखळी उचलली.

बेरिल जिवाच्या आकांताने ओरडली, "सोड!"

धप्प! चेंडू जमिनीवर पडला. पाहुण्यांनी दुसरी धाव पुरी करून टोप्या उडवल्या.

"सामना गेला खड्ड्यात!" बेरिल नाचू लागली. "सोडला की नाही? म्हटल्याबरोबर सोडला! शिकलं गं माझं बाळ!"

धूळ खाली बसली. पिकल वाटेतच बसून निवांत कान खाजवत होता, आणि झेल घेतलेली ओंजळ तशीच उघडी ठेवून, चीजसाठी ओठ चाटत, क्लॅरी धावत येत होता.