कॅप्टनचा राग

पोपटाने या वेळी बोट धरलं आणि सोडलंच नाही. अराबाने हात झटकला, पिंजरा हलला, पाण्याची वाटी कलंडली, तेव्हा कुठे त्याने चोच उघडली. उजव्या हाताचं आणखी एक बोट कामातून गेलं. पाव भाजून पोट भरणाऱ्या बाईने आता पीठ मळायचं कशाने?

"बस झालं, आई," एवुरासी म्हणाली. आईच्या हाताला ती पट्टी बांधत होती, पण राग काढल्यासारखी. "समुद्राकाठच्या त्या हॉटेलवाल्याला अंगणात पोपट हवाच आहे. आत्ताच नेऊन देते. मामाची आठवण म्हणून मामाच्या पक्ष्याकडून रोज रक्त काढून घ्यायचं, हे कुठलं शहाणपण?"

अराबा गप्प बसली. एरवी ती गप्प बसणारी बाई नव्हे. गल्लीत तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. पण त्या तोंडानेच तर घात केला होता. आईच्या दफनाला तिचा मोठा भाऊ कोबिनादादा नोकरीच्या गावाहून, टाकोराडीहून, उशिरा पोचला, तेव्हा चारचौघांत ती म्हणाली होती, "आता कशाला आलास? यापुढे नाही आलास तरी चालेल."  त्यानंतर पुन्हा म्हणून तो केप कोस्टला, घरी आला नाही. सणाला नाही, बारशाला नाही, एवुरासीच्या लग्नालासुद्धा नाही. फोन करायचा, गोड बोलायचा, आणि दर वेळी बंदरावरच्या कामाची सबब सांगायचा. मग एक दिवस तो गेलाच. पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेला दादा शवपेटीतून घरी आला, आणि मागोमाग त्याचा हा राखाडी पोपट, कॅप्टन. नातेवाइकांत कुणी घेईना, म्हणून अराबाने घेतला.

पहिल्याच दिवशी तो चावला. तिने गोड बोलून पाहिलं, दटावून पाहिलं, पिंजऱ्यावर कापड टाकून पाहिलं. शेजारणीने सांगितलं म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवून बसूनही पाहिलं. काही उपयोग झाला नाही. मग तिने मनाशी एक ठरवून टाकलं, आणि ते लेकीलाही सांगितलं नाही. दादाच्या मनातला राग या चोचीत उतरला होता. माणूस गेला, पण राग मागे ठेवून गेला. आज पक्षी घराबाहेर पडला की त्या रागाची समजूत काढायची शेवटची संधीही जाणार होती.

"ने बाई," शेवटी ती म्हणाली. "पण उपाशी नको नेऊस."

तिने पामचं एक पिकलेलं फळ उचललं आणि थबकली. उजव्या हाताचं तर गाठोडं झालं होतं. म्हणजे डाव्याने द्यायचं? डाव्या हाताने तिने आजवर भिकाऱ्यालासुद्धा काही दिलं नव्हतं. हे वळण दादाचंच. लहानपणी चुकून डाव्या हाताने वाटी पुढे केली, की त्याची चापट बसायची. पण आता इलाज नव्हता. तिने पिंजऱ्याचं दार उघडलं आणि डावा हात आत घातला.

"डाव्या हाताची माफी असावी," एखाद्या वडीलधाऱ्याला म्हणावं तसं ती पोपटाला म्हणाली.

"पोपटाची कसली माफी मागतेस?" एवुरासीला हसू फुटलं.

कॅप्टनने मान वाकडी करून त्या हाताकडे पाहिलं. मग दांडीवरून सरकत सरकत आला, तिच्या मनगटावर चढला आणि तिथेच बसून निवांत फळ सोलू लागला.

फळ संपेपर्यंत दोघी जागच्या हलल्या नाहीत. मग एवुरासीने हळूच आपलं बोट पुढे केलं. उजव्या हाताचं. लगेच चोच वासली. तिने हात मागे घेतला.

"डावा दे," अराबा म्हणाली.

"डावा? काहीतरीच काय!"

"दे म्हणते ना!"

तिने दिला. कॅप्टन त्यावर चढला, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा अराबाच्या मनगटावर येऊन बसला.

"अगं बाई, याला कुणी वळणच लावलं नाही!" एवुरासी हसत सुटली.

अराबा हसली नाही. वळणाच्या बाबतीत एवढा कडक माणूस, आणि त्याच्या पक्ष्याला फक्त डावा हात ओळखीचा? तिने टाकोराडीला फोन लावायला सांगितला. दादाच्या घरमालकिणीला, मिसेस बेंटिलना, तिने सरळच विचारलं, "माझा भाऊ पोपटाला कोणत्या हाताने भरवायचा हो?"

"डाव्याच. उजवा लुळा होता ना त्यांचा," मिसेस बेंटिल म्हणाल्या. "तुमच्या आईला पुरून आले, त्याच महिन्यात अर्धांगाचा झटका आला. बाकी सावरले, पण हात गेला तो गेलाच. घरी कळवायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. ते गेल्यावर वाटलं, आता तरी तुम्हाला कळलंच असेल."

 छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलल्यासारखा अराबाचा श्वास मोकळा झाला. तरी खात्री करून घ्यायची होती. 

"म्हणजे... तो माझ्यावर रागावला नव्हता?"

"रागावले? अहो, दर ईस्टरला पिशवी भरून ते बसथांब्यापर्यंत जायचे आणि तसेच परत यायचे. म्हणायचे, 'आईच्या दफनाला उशिरा पोचून आधीच दुखावलंय तिला. आता डावा हात पुढे करून आणखी अपमान कसा करू?'"