घराण्यातली शुगर

ऋतुजाच्या डाव्या डोळ्यात आतून रक्त उतरलं होतं, म्हणून आई विमलबाई आणि जावई तिला घेऊन दौंडला दवाखान्यात आले होते.

"इतक्या तरुण वयात हे बहुतेक मार लागल्यानं होतं, नाहीतर वाढलेल्या शुगरनं," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "डोळ्याला काही लागलं होतं का?"

ऋतुजानं मान खाली घातली. जावई भिंतीवरचा तक्ता वाचायला लागले.

"शुगरच असंल बघा," विमलबाई घाईघाईनं म्हणाल्या. "माझ्या आईला व्हती, मला हाय. आमच्या घराण्यातच हाय ती."

ऋतुजाच्या बोटातलं रक्त घेऊन तिथंच तपासलं. "शुगर अगदी नॉर्मल आहे, मावशी," असं म्हणून मॅडम ऋतुजाकडं बघत राहिल्या.

दिवाळीनंतर ऋतुजा सासर सोडून माहेरी निमोण्याला निघून आली होती. "होईल समदं सुरळीत" अशी समजूत घालून तिला राहूला सासरी परत नेऊन सोडणाऱ्या विमलबाईच होत्या.

 

त्यांनी हात जोडले. "परत एकदा बघा ना, मॅडम. शुगरच निघंल."