कैरीच्या लोणच्याची बरणी

मोनालीच्या मनगटावर गोंदलेलं फुलपाखरू निळ्या दिव्याखाली हिरवंगार चमकायचं. आठवडाभरात तिथली कातडी फोडांनी भरली आणि पू वाहू लागला. डॉक्टर म्हणाले, "शाईत काय होतं ते आधी शोधा."

तिच्या बापाच्या, अंकुशच्या, तळपायाची आग मस्तकात गेली. तारापूरच्या कारखान्यात असल्याच चमकणाऱ्या रंगाची पावडर भरण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती. तिथे मास्क आणि हातमोज्यांशिवाय कुणाला गोणीजवळ फिरकू देत नसत. तो तडक सरावलीच्या नाक्यावर गेला आणि त्याने टॅटूवाल्या बबलूची गचांडीच धरली.

"पोरीच्या अंगात काय कोंबलंस रे नालायका? भिंतीला फासायचा रंग हाय तो! स्वतःच्या बहिणीच्या हातात भरला असतास? बोल, कुठल्या चोराकडून आणलास?"

अंकुशच्याच चाळीत लहानाचा मोठा झालेला बबलू रडकुंडीला आला. त्याने फळीवरची एक बरणी काढून पुढे ठेवली. आत तळाशी हिरवट पावडर होती, आणि झाकणावर अंकुशच्या बायकोच्या अक्षरातली चिठ्ठी: 'कैरीचं लोणचं'.



"काका, चाळीच्या गणपतीच्या मखराला तुमीच नाय का आणलेली, जेवणाच्या पिशवीत लपवून? उरलेली मी शाईत कालवली. तुमीच बोललेलात, 'बिनधास्त वापर, काय होत नाय.'"