तळ्यातल्या तीन कड्या

“तिसरा कुठाय?” परीक्षकांनी विचारलं.

“सरावाला गेलाय, सर. पोहण्याच्या,” बाईसाहेब म्हणाली. वर्गात सगळ्यांवर हुकूम सोडायची, म्हणून पोरांनी तिला हे नाव ठेवलं होतं. तिने रिमोटवरची नजर काढली नाही.

“आजसुद्धा?” शाळेच्या मोठ्या बाई कडाडल्या. “दोन दगडांवर पाय ठेवणारा पडतोच म्हणावं!”

जाड भिंगांच्या ढापण्याने मान खाली घातली आणि केबलचं वेटोळं सोडवायला घेतलं. तिघांमधला हा सगळ्यात भित्रा.

तिसरा म्हणजे बेडक्या, बाईसाहेबचा चुलतभाऊ. पाण्यात मासा, वर्गात धोंडा. पहाटे पोहायचं, मग बाकावर पेंगायचं, संध्याकाळी पुन्हा पोहायचं. अशाने विज्ञानात दोनदा गटांगळी खाल्ली, तेव्हा मोठ्या बाईंनी स्वच्छ सांगितलं, सराव काय तो कर, पण पास झाल्याशिवाय पोहण्याच्या संघात घेणार नाही. पोरगं रडायच्या बेताला आलं. पोहणं सोडून त्याला दुसरं येत तरी काय होतं?

वाट एकच उरली. या यंत्रांच्या स्पर्धेत पहिल्या येणाऱ्या गटाला विज्ञानात पैकीच्या पैकी मिळणार होते.

“ताई, घे ना मला तुमच्यात. पडेल ते काम करीन,” तो बाईसाहेबच्या मागे लागला.

घेतलं. काम पडलंही भरपूर. यंत्र म्हणजे प्लॅस्टिकच्या नळ्यांची चौकट, मागे मोटरी, पुढे पंजा. तळाशी जाऊन कडी उचलून आणायची, बास. पण पहिल्या दिवसापासून यंत्राच्या नाकातोंडात पाणी. मेण लावलं, ग्रीस थापलं, सांध्यांना टेप गुंडाळली. बुडवलं की पंजा मेलाच. मग बेडक्याने बुडी मारून यंत्र धरायचं, केबलच्या टोकाचा वळसा मनगटात अडकवायचा आणि दोन झटके द्यायचे. झटके आले की ढापण्याने ओढायचं. हे इतक्या वेळा झालं, की पुढे कोणी कोणाला सांगावंही लागेना.

शेवटी तोडगाही बेडक्यानेच काढला. साधाच होता. ऐकून बाईसाहेब आधी चिडली, मग हसली. ढापण्या म्हणाला, “मला नाही बाबा पटत,” पण त्याचं कोण ऐकतं? तेव्हापासून मात्र यंत्र एकदाही रिकाम्या हाताने वर आलं नव्हतं.

आजही आलं नाही. तळ्याच्या कडेला फळ्यांचा धक्का होता, पाणी हिरवंगार, आत हात घातला तर कोपर दिसू नये असं. परीक्षकांनी धक्क्याशेजारी लाल कडी टाकली, बांगडीपेक्षा जरा मोठी. बाईसाहेबने बटणं दाबली. थोडे बुडबुडे आले आणि पंजा कडी घेऊन वर आला. थोड्या वेळाने दुसरी आली. मग तिसरी.

“वा!” परीक्षक म्हणाले. “पण मध्ये इतका वेळ का थांबता?”

“मोटर गार व्हावी लागते, सर.”

“पाण्यात?” ते खो खो हसले. मग त्यांनी तिन्ही कड्या उचलल्या आणि तळ्याच्या मध्यावर भिरकावल्या. “आता तिन्ही आणा. एकदम. मध्येच केबल ओढली तर फेरी बाद.”

“मधोमध?” बाईसाहेब जवळजवळ ओरडली. “तिन्ही एका दमात आणायच्या?”

“अगं, मी बहिरा नाही! जमत नसेल तर सांग. दुसरा गट टपूनच बसलाय.”

फळ्यांखाली टक् टक् असं काहीतरी वाजलं.

“लाटा असतील,” ढापण्या घाईघाईने म्हणाला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण बाईसाहेबचा दुसरा नंबर कधी आला नव्हता, आणि तिला तो येऊ द्यायचाही नव्हता.

“जमेल, सर.”

केबल सरसर आत गेली. मध्यावर बुडबुडे उठले. ढापण्याच्या हाताला दोन झटके बसले.

“बाईसाहेब, दोन आले.”

“गाळात अडकलं असेल.”

“अगं, ओढतो ना मी!”

“हात लावून तर बघ! एखादी राहिली असेल अजून.”

पुन्हा दोन झटके आले, जोरात. ढापण्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही. बुडबुड्यांचा एक मोठा लोट वर आला आणि मग पाणी निवांत झालं. केबल ढिली पडली.

“गळती थांबली बघा,” परीक्षक मोठ्या बाईंना म्हणाले. “पोरांनी सील उत्तम केलंय. आणि यंत्राचं हेच बरं असतं, त्याला दम लागत नाही. कडी असो-नसो, पहिला नंबर यांचाच!”

टाळ्या पडल्या. मोठ्या बाईंचाही राग निवळला. “त्या तिसऱ्याला कळवा गं. म्हणावं, पास झालास. आता पोह हवं तितकं.”

“हो, बाई,” बाईसाहेब म्हणाली. हसायचा प्रयत्न करत ती ढापण्याकडे वळली. “ओढ आता. ओढ ना लवकर!”

ढापण्या ओढू लागला. केबल जड लागत होती. परीक्षक कौतुकाने पुढे वाकले, मोठ्या बाई वाकल्या.

आधी दिसल्या त्या कड्या, तिन्हीच्या तिन्ही. त्या बेडक्याच्या मनगटात होत्या.