डब्याचं खातं

लातुरात शिकवणीच्या पोरांना डबे देणारी साखराबाई ऑनलाइन पैशांचं खातं उघडायला बँकेत गेली.

"सगळ्या पोरांचं मिळून एकच, की दर पोराचं वेगळं?" साहेबांनी विचारलं.

"वेगळंच करा, सायेब. पैसे जमा झाले की ज्याच्या त्याच्या माईला मेसेज जाऊ द्या, लेकराचा डबा चालू हाय म्हणून."

श्रावणात मुखेडचा शिवराज तापानं गेला. तरी त्याच्या डब्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला येतच राहिले. गेलेल्या लेकराचे पैसे तिच्यानं घेववेनात. तिनं त्याच्या बापाला फोन लावला.

"शेषेराव भाऊ, ते खातं बंद करून टाकते."



"नका करू, ताई. त्याची माय अंथरुणाला खिळलीय, तिला सांगितलंच न्हाई. रोज तो डब्याचा मेसेज बघती, पोरगं जेवतंय म्हणती, अन् मग दोन घास खाती."